स्वस्तातली जुनी हॉट हॅच: घ्यायला परवडते, ठेवायला परवडेल का?

वळणवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुनी हॉट हॅच (दमदार इंजिनाची छोटी हॅचबॅक) घ्यायची आहे. मॅन्युअल गिअर हवा, गाडीचं वय दहा वर्षांपुढचं चालेल, वर्षाला साधारण १२,००० किमी फिरणं होईल आणि रोजची गाडी हीच असेल. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड घरच्या घरी बदलता येतात. इंजिन उघडणं जमत नाही.

सध्या यादीत फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय मार्क ५ (पाचवी पिढी), रेनो क्लिओ आरएस १९७, होंडा सिव्हिक टाइप आर ईपी३, मिनी कूपर एस आर५६, २०१३ नंतरची फोर्ड फिएस्टा एसटी आणि सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आहेत. सगळ्या आवाक्यात दिसताहेत, आणि तिथेच शंका येते. यातली कुठली घेतल्यावर खिसा कापते, आणि नेमकी कशामुळे? "मस्त गाडी आहे, घेऊन टाका" सोडून बाकी सगळे प्रतिसाद चालतील.

पाना_१०

गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. नवी असताना जी गाडी महागात मोडत होती, तिचा क्लच, टर्बो, डॅम्पर आजही त्याच वर्गाच्या भावाने मिळतो. त्यामुळे कितीला मिळाली याला फार अर्थ नाही. पुढची मोठी कामं विकणाऱ्याने करून दिली आहेत की तुमच्या गळ्यात पडणार आहेत, ते बघा.

मोठी कामं तीन. टायमिंग (क्रँक आणि कॅम एका तालात ठेवणारा बेल्ट असो की चेन), क्लच, आणि टायर-ब्रेक-सस्पेन्शनचा गठ्ठा. ही तिन्ही बिलांसकट झालेली १,६०,००० किमीची गाडी बहुतेक वेळा बिलं नसलेल्या ९०,००० किमीच्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. कमी किमीच्या गाडीचा बेल्टसुद्धा वर्षांनी म्हातारा होतोच. रबराला मीटर वाचता येत नाही.

ठरवलेल्या रकमेतला निदान चौथा हिस्सा गाडीत घालू नका, पहिल्या सहा महिन्यांसाठी वेगळा ठेवा. टर्बो गाडी असेल तर तिसरा हिस्सा. सगळी रक्कम गाडीतच संपत असेल तर एक पायरी खालची गाडी बघा.

काजळी

यादीतली गोल्फ मार्क ५ घ्यायची असेल तर एक छोटा पार्ट आधी समजून घ्या, कारण बहुतेक विकणाऱ्यांना तो माहीत नसतो.

तिच्यात २.० टीएफएसआय (टर्बो आणि थेट इंजेक्शनवालं) इंजिन आहे, ईए११३ घराण्यातलं, २०० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती). पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यासाठी हेडच्या टोकाला उच्च दाबाचा पंप बसवलेला असतो. हा पंप इनटेक कॅमशाफ्टवरच्या (म्हणजे हवेचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच्या) तीन उंचवट्यांनी दाबला जातो. कॅम आणि पंपाचा दांडा यांच्या मध्ये अंगठ्याएवढी एक लोखंडी वाटी असते, तिला कॅम फॉलोअर म्हणतात. वाटीच्या तोंडावर काळा कडक लेप असतो. लेप घासला की चंदेरी गोल दिसतो, पुढे मधोमध खळगा पडतो, आणि एक दिवस आरपार भोक. मग पंपाचा दांडा थेट कॅमवर घासतो. भोक पडायच्या आधी बदलली तर खर्च फक्त वाटीचा. भोक पडल्यावर पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही जातात, आणि लोखंडाचा चुरा ऑइलमध्ये फिरतो तो वेगळाच.

तपासायला पंपाचे तीन बोल्ट आणि पेट्रोलच्या नळ्या काढाव्या लागतात. इंजिन पूर्ण थंड हवं, लाइनमधला दाब आधी उतरवायला हवा, कारण ते पेट्रोल आहे आणि डोळ्यांत उडतं. पंप बाहेर आला की वाटी चुंबकाने ओढून काढायची. काळा लेप शाबूत असेल तर परत बसवा. चंदेरी दिसली की नवी टाका, ऑइल लावून. दर १५–२० हजार किमीला हे बघणं शहाणपणाचं. रीमॅप केलेल्या (इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीत अजून लवकर, कारण वाढवलेल्या दाबाचा भार शेवटी तिच्यावरच येतो.

स्कॅनरवर पी००८७, म्हणजे इंधन रेलमध्ये दाब कमी, असा कोड दिसला आणि विकणारा म्हणाला की "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे," तर आधी वाटी बघायला मागा.

दुसरं दुखणं काजळीचं. (नाव उगाच घेतलेलं नाही.) थेट इंजेक्शनमुळे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत नेणाऱ्या नळीतून) आलेली ऑइलची वाफ व्हॉल्व्हच्या पाठीवर साचून कडक होते. लक्षण: थंड असताना आयडलला थरथर, मिसफायरचे कोड पी०३०० ते पी०३०४, गरम झाल्यावर बरी. पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरचा इथे उपयोग शून्य, कारण ते तिथवर पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड काढून, एकेका सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून, अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने ब्लास्ट करावं लागतं. चांगल्या हाताला चार-पाच तास. दर ८० हजार ते एक लाख किमीला हे येतंच असं धरा.

बाकी छोटी मंडळी: डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या) रबरी पडदा फाटतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमी होतो (नंतरच्या आवृत्तीत पिस्टनचा व्हॉल्व्ह आला, तो टाकावा), पीसीव्ही व्हॉल्व्ह (ब्रीदरचाच), कॉइल, आणि पुढच्या खालच्या आर्मचे मागचे बुश.

खटपटराव

काजळीताईंना +१. वाचनखूण साठवली.

यात भर: लोक मार्क ५ टाळून मार्क ६ घेतात, "तिला चेन आहे, बेल्टची कटकट नाही" म्हणून. तिथे वेगळा खड्डा आहे. मार्क ६ मध्ये ईए८८८ आलं. सुरुवातीच्या गाड्यांतला चेनचा टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) बंद इंजिनवर मागे सरकू शकतो. सुरू करताना चेन दातावरून उडी मारते, व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात, हेड गेलं. नंतर सुधारित टेन्शनर आला. तो बदलल्याचं बिल असेल तर गाडी बघा, नसेल तर भावात तेवढी रक्कम कमी करा.

टायमिंग कव्हरच्या खालच्या भागात एक रबरी बूच असतं. ते काढून टेन्शनरचा पिस्टन किती दात बाहेर आलाय ते मोजता येतं. सहा-सात दिसले की चेन ताणली. कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर असेल तर कॅमशाफ्टच्या फेजचा आकडा वाचा. तो शून्याच्या आसपास हवा, चार अंशांपुढे गेला की चेनच्या कामाचे पैसे बाजूला काढा.

त्या पिढीत पिस्टन रिंगमुळे ऑइल पिणंही आहे. १,००० किमीला अर्धा लिटर हा आकडा ऐकला तर पुढची गाडी बघा.

शांत_सायलेन्सर

टर्बोवाल्यांची भांडणं चालू द्या. धागाकर्त्यांना इंजिन उघडायचं नाही, रोज वापरायची आहे. उत्तर स्विफ्ट स्पोर्ट. संपलं.

वळणवेडा

@शांत_सायलेन्सर, थोडं विस्ताराने सांगाल का?

शांत_सायलेन्सर

सांगतो. झेडसी३१एस आणि झेडसी३२एस या दोन पिढ्या. दोन्हीत एम१६ए इंजिन, १.६ लिटर, टर्बो नाही, टायमिंग चेन. पहिलीला १२५ पीएस आणि पाच गिअर, दुसरीला १३६ पीएस आणि सहा. थेट इंजेक्शन नाही, म्हणून व्हॉल्व्हवर काजळीची भानगड नाही. टर्बो नाही, म्हणून इंटरकूलर, डायव्हर्टर, ऑइलच्या गरम नळ्या, काहीच नाही. पहिलीचे टायर १९५/५० आर१६, हे साध्या गाड्यांच्या मापाचे. २२५/४० आर१८ चे चार टायर आणि हे चार टायर यांचे भाव शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल.

बघायचं काय? मागचे ब्रेक कॅलिपर अडकतात. चाक उचलून हाताने फिरवा, हँडब्रेक ओढा-सोडा, परत फिरवा. थंडीत दुसऱ्या गिअरला खरखर. तळाला गंज. ऑइल पातळी, कारण चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो.

रेवलिमिट

१३६ पीएसला हॉट हॅच म्हणायचं तर कोमट हॅचसाठी वेगळा धागा काढा राव.

शांत_सायलेन्सर

१९७६ च्या पहिल्या गोल्फ जीटीआयला ११० पीएस होते. तिलाही कोमट म्हणा मग.

रेवलिमिट

मान्य, मघाचं वाक्य मागे घेतो. पण टर्बोशिवायचीच हवी असेल तर ईपी३ का नको? के२०ए२ इंजिन, २०० पीएस, चेन, साधं इंजेक्शन. ऑइल वेळेवर बदललेलं इंजिन खूप टिकतं. अट एवढीच की ऑइलची पातळी कधीच खाली जायला नको, कारण व्हीटेकची (वरच्या आरपीएमला मोठा कॅम लावणाऱ्या यंत्रणेची) पिन ऑइलच्या दाबाने सरकते. ऑइल कमी असलं की ५,८०० आरपीएमच्या पुढे मोठा कॅम लागतच नाही, आणि घाणेरडं ऑइल असलं की कॅमचे उंचवटे झिजतात. टेस्ट ड्राइव्हला गरम इंजिनवर एकदा तिसऱ्या गिअरमध्ये ७,५०० पर्यंत न्या. आवाज आणि ओढ दोन्ही बदलले पाहिजेत. नाही बदलले तर व्हीटेकचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह), त्याची जाळी, किंवा त्याहून वाईट.

हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे) नाहीत, त्यामुळे टॅपेट सेटिंग करावं लागतं. थंड इंजिनवर फीलर गेजने होतं, नवी कव्हर गास्केट लागते. गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअरचे वेग जुळवणारी) झिजते. थंड गाडीत जोरात पळवून पटकन दुसऱ्याहून तिसरा टाका. किरकिरली की गिअरबॉक्स उतरवण्याचं काम आलं. आणि स्टीअरिंगची मोटर रॅकवरच बसलेली आहे. रॅकच्या दोषाचा दिवा लागला की लोक वापरलेला रॅक शोधत फिरतात, नवा घ्यायचं धाडस होत नाही.

गंजाचं म्हणाल तर मागच्या चाकांवरची कमान आतून बोटाने चाचपा.

पाना_१०

क्लिओबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो, कारण यादीत ती सगळ्यात फसवी आहे. चालवायला अप्रतिम, आणि टायमिंग बेल्टच्या वेळी हिशेब विस्कटवणारी.

इंजिन एफ४आर, २ लिटर, टर्बो नाही, १९७ पीएस. बेल्ट किमीपेक्षा वर्षांनी बदलायचा, पाच-सहा वर्षांनी. तो महाग का पडतो ते समजून घ्या, म्हणजे स्वस्तात करून देणाऱ्याकडे जाणार नाही.

या इंजिनाच्या क्रँकच्या पुलीला चावी नाही. म्हणजे पुली शाफ्टवर खाचेत अडकलेली नसते, फक्त बोल्टच्या दाबाने घट्ट बसते. बोल्ट सैल केला की टायमिंगचा संदर्भच हरवतो. म्हणून क्रँकला टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असतानाची) पिन आणि दोन्ही कॅमच्या मागच्या टोकांना लॉकिंग पट्टी लावल्याशिवाय हे काम करता येत नाही. पट्टी लावायला हेडच्या टोकाची दोन झाकणं फोडावी लागतात, ती नवी टाकायची. इंजिनचं उजवं माउंट काढावं लागतं, त्याआधी इंजिनाला खालून आधार. "खुणा करून बेल्ट बदलतो" म्हणणारा मेकॅनिक इथे चालत नाही.

किटमध्ये बेल्ट, टेन्शनर, आयडलर, पाण्याचा पंप, डिफेझर पुली, बाहेरचा ऑक्झिलरी बेल्ट त्याच्या रोलरसकट, नवा क्रँक बोल्ट आणि ती दोन झाकणं. यातलं काहीही गाळलं तर पुढच्या वेळी परत तेवढेच तास. डिफेझर म्हणजे इनटेक कॅमची वेळ मागेपुढे करणारी पुली. ती झिजली की थंड स्टार्टला एक-दोन सेकंद डिझेलसारखी खडखड येते.

ऑक्झिलरी बेल्टला हलक्यात घेऊ नका. तो फाटला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंगमध्ये शिरतात आणि इंजिन संपतं. कडा उसवल्या दिसल्या की त्याच दिवशी बदला.

पुढच्या चाकांचं सस्पेन्शनही साधं नाही. स्टीअरिंगचा अक्ष वेगळा केलेला आहे, त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त बॉल जॉइंट. चाक वरून-खालून धरून हलवा, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवा.

चौथा_गिअर

मिनी आर५६ मधलं सुरुवातीचं एन१४ इंजिन टाळा, एवढंच. चेनचा टेन्शनर, उच्च दाबाचा पंप, थर्मोस्टॅट हाउसिंग, टर्बोची ऑइल लाइन, व्हॉल्व्हवरची काजळी, सगळे आजार एकाच घरात. थंड स्टार्टला पुढून वाळूत साखळी ओढल्यासारखा आवाज आला तर परत फिरा. घ्यायचीच असेल तर २०१० नंतरचं एन१८, आणि तेही ऑइल पातळी बघून. त्याच घराण्यातलं इंजिन प्यूजो २०७ च्या टर्बोवाल्या आवृत्तीत आहे, बोनेटवरचा बिल्ला बदलल्याने दुखणं बदलत नाही.

रिकामा_ट्रंक

फिएस्टा एसटी? यादीतली सगळ्यात नवी तीच ना?

खटपटराव

हो, आणि म्हणूनच किंमत अजून पूर्ण उतरलेली नाही. १.६ इकोबूस्ट, १८२ पीएस, टायमिंग बेल्ट. या इंजिनाचं नातं कूलंटशी. कूलंट कमी झालं आणि चालवत राहिलात की हेड तापून तडकू शकतं, ऑइल बाहेर येऊन आगीपर्यंत जाऊ शकतं. म्हणून २०१७ साली अमेरिकेत या १.६ इंजिनाच्या काही गाड्या, त्यात फिएस्टा एसटीसुद्धा, परत बोलावून कूलंट पातळीचा सेन्सर बसवला गेला. गाडी बघायला गेलात की टाकीतली पातळी थंड असताना बघा, टाकीच्या आत तपकिरी थर आहे का ते बघा, आणि चालवून आल्यावर गोडसर वास येतोय का ते हुंगा.

टायर २०५/४० आर१७, भिंत अगदी बुटकी. रिम वाकणं नेहमीचं. चाक उचलून फिरवा आणि आतली कड बघा, बाहेरची नव्हे.

काजळी

रीमॅपबद्दल एक सविस्तर प्रतिसाद, कारण बाजारातल्या स्वस्त टर्बो गाड्यांपैकी बऱ्याच कधी ना कधी रीमॅप झालेल्या असतात. विकण्याआधी मूळ फाइल परत टाकून दिली की स्क्रीनवर काही दिसत नाही. दिसतं ते लोखंडात.

क्लचपासून सुरुवात करा. गाडी गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण पॅडल दाबा. सुई वेगापेक्षा पुढे पळाली तर क्लच घसरतोय. मार्क ५ चा मूळ टॉर्क २८० एनएम. तो बराच वाढवला की क्लच सगळ्यात आधी हात वर करतो. इथे ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, धक्के शोषणारं) असतं, क्लचबरोबर तेही तपासावं लागतं, आणि बहुतेक वेळा तेच बिल फुगवतं. न्यूट्रलला आयडलवर खडखड, क्लच दाबल्यावर बदलणारी, ही त्याची खूण.

दुसरा धोका कमी आरपीएमवरच्या अकाली पेटण्याचा, एलएसपीआय. छोट्या थेट-इंजेक्शन टर्बोमध्ये १,५००–२,५०० आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण पॅडल दाबलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि पिस्टनवरच्या रिंगांच्या मधला भाग तुटतो. रीमॅप बहुतेक वेळा टॉर्क नेमका तिथेच वाढवतो. यावर औषध दोन: गिअर खाली टाका, आणि एपीआय एसएन प्लस (२०१८) किंवा एसपी (२०२०) दर्जाचं ऑइल वापरा, पण तुमच्या इंजिनाला कंपनीने सांगितलेला मानक आधी जुळला पाहिजे. याच कारणाने पोलो जीटीआयचं १.४ ट्विनचार्जर (२०१० नंतरचं, १८० पीएस) मी कुणालाच सुचवत नाही. रिंगांचं दुखणं आहे, वर कोरड्या क्लचचा सात गिअरी डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक पेटी).

शक्य असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा फेरे. आकडा किती आला यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा. १०–१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे प्रश्न.

वळणवेडा

काजळीताई, पाना, सगळ्यांचे आभार. डोकं थोडं गरगरलंय पण वाचतोय. बघायला गेल्यावर क्रम काय ठेवू? विकणारा शेजारी उभा असताना एवढं सगळं आठवत नाही.

पाना_१०

फोनवरच सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर थंड होईपर्यंत बसा किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड स्टार्ट लपवणं ही विकणाऱ्यांची सगळ्यात जुनी युक्ती आहे, आणि चेन, डिफेझर, हायड्रॉलिक टॅपेट या सगळ्यांची खडखड फक्त पहिल्या तीन-चार सेकंदांत ऐकू येते.

चालू करण्याआधी ऑइल काडी, कूलंट, ब्रेक ऑइलचा रंग. इग्निशन फिरवल्यावर इंजिन, एअरबॅग, एबीएस हे दिवे लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. मग स्टार्ट करा, धूर बघा. निळा धूर उतारावर पॅडल सोडून परत दाबल्यावर आला तर व्हॉल्व्ह सील, बूस्टखाली आला तर रिंग किंवा टर्बो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून लगेच हेड गास्केट गेली असं नाही, छोट्या छोट्या फेऱ्यांनीही तो येतो. पण थंड स्टार्टनंतर अर्ध्या मिनिटात वरचा रेडिएटर पाइप दगडासारखा कडक झाला तर गॅस पाण्यात जातोय. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट असते, कूलंट टाकीच्या तोंडावर धरायची, पिवळी पडली की गास्केट.

स्कॅनर जोडा. कोड नसणं पुरेसं नाही, रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का) बघा. "तयार नाही" दिसलं म्हणजे कोड नुकतेच पुसलेत. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा) दहा टक्क्यांच्या पुढे प्लसमध्ये असेल तर कुठेतरी हवा आत शिरतेय. हे घेतल्यावर घरी आणून करणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

टायरवरचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर आधीच्या मालकाने बाकी कामांत काय केलं असेल त्याचा अंदाज येतो. पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट, बुश किंवा ठोकलेली गाडी.

रेवलिमिट

ठोकलेली ओळखायला पुढच्या फेंडरचे बोल्ट बघा. रंग उडालेला असेल तर फेंडर निघालाय. दोन हेडलाइट वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर का ते विचारा. हॉट हॅच पुढून आणि उजव्या-डाव्या कोपऱ्यांवर जातात, आणि मागच्या बीमवर फुटपाथला घासून.

खटपटराव

वर्षाच्या खर्चाची पद्धत सांगतो. रक्कम तुम्ही तुमच्याकडच्या भावाने भरा.

१२,००० किमी, जोमाने चालवली तर ११ किमी प्रतिलिटर धरा, म्हणजे सुमारे १,०९० लिटर, आणि टर्बोला वरच्या ऑक्टेनचं. ऑइल-फिल्टर दर १०,००० किमीला, कंपनीने "लाँग लाइफ" म्हणून दुप्पट लिहिलं असलं तरी. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. डीओटी ४ (ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ लाही उकळू शकतं, म्हणून घाटात पॅडल खाली जातं. पुढचे टायर २५,००० किमी टिकले तर नशीब. पुढचे पॅड ३०,०००, डिस्क त्याच्या दुप्पट. मार्क ५ च्या पुढच्या डिस्क २५ मिमी जाडीच्या येतात, २२ ला बाद. कॅलिपरने मोजा, काठावरच्या उंचवट्यावर नव्हे, पॅड जिथे घासतो तिथे. टर्बोचे प्लग ४०,००० ला. डीएसजी घेतलीत तर ओल्या क्लचच्या सहा गिअरी पेटीला ६०,००० ला ऑइल आणि फिल्टर, पातळी ३५–४५ अंश तापमानाला.

क्लच सव्वा लाख किमी धरा, बेल्ट सहा वर्षं. प्रत्येक कामाचे पार्ट अधिक तास गुणिले मजुरी, भागिले आयुष्य. बेरीज केली की दर किलोमीटरचा आकडा निघतो. तो महिन्याला बाजूला काढत गेलात तर क्लच गेल्याचं दुःख होणार नाही, फक्त चिडचिड होईल.

शांत_सायलेन्सर

हीच बेरीज स्विफ्टसाठी पण करा, एवढंच म्हणतो.

वळणवेडा

केली. दोन पानं भरली आणि मिनी यादीतून गेली. गोल्फ अजून आहे पण डोक्याने म्हणाल तर स्विफ्ट किंवा ईपी३. मनाने म्हणाल तर क्लिओ.

एक क्लिओ १९७ आहे, १,२०,००० किमी. बेल्ट दोन वर्षांपूर्वी केल्याचं बिल आहे. बिलावर "टायमिंग किट, पाण्याचा पंप, मजुरी" एवढंच लिहिलंय. डिफेझरचा उल्लेख नाही. धरावं की नाही?

पाना_१०

बेल्ट झालाय असं धरा, डिफेझर झालेला नाही असं धरा. मजुरीचे तास लिहिलेत का बघा. दोन-तीन तास लिहिले असतील तर लॉकिंग साधनं न वापरता काम उरकल्याची शंका घ्या, या कामाला पाच-सहा तास लागतातच. हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, ती दोन झाकणं बॅटरीच्या आसपास डोकावलं तर दिसतात. नवी असतील तर स्वच्छ आणि सपाट बसलेली, जुनी असतील तर वर्षांची काजळी. जुनीच असतील तर पट्टी लावलेलीच नाही, मग बिल काहीही म्हणो. अशा वेळी पूर्ण किटचं काम किमतीतून वजा करून बोला, आणि विकणारा अडला तर सोडा.

थंड स्टार्टची खडखड ऐकाच. एक सेकंद आली तरी डिफेझर.

वळणवेडा

रविवारी सकाळी जातोय. गाडी आधी चालू करू नका असं सांगून ठेवलंय.

पाना_१०

तरी बोनेटवर हात ठेवा. आणि टॉर्च न्या, ती झाकणं अंधारात असतात.